छोट्या बाइप्लेन मॉडेलची रिगिंग: कोणती तार, किती जाड, कशाने चिकटवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिगिंग म्हणजे बाइप्लेनच्या, म्हणजे दुपंखी विमानाच्या, पंखांना आधार देणाऱ्या आणि नियंत्रणाच्या तारा. ही माहिती प्लास्टिकच्या, शोकेसमध्ये ठेवायच्या मॉडेलसाठी आहे. त्यातही १/७२, १/४८ आणि १/३२ या स्केलमधली पहिल्या महायुद्धातली आणि दोन युद्धांमधल्या काळातली दुपंखी विमानं समोर ठेवली आहेत. उडणाऱ्या मॉडेलच्या तारांवर खरा भार येतो, त्यामुळे त्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते इथे नाहीत.

सुरुवातीला एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर काय घ्यावं?

बारीक लायक्राचा, म्हणजे ताणला जाणारा इलॅस्टिक धागा. मॉडेलच्या दुकानांत तो 'रिगिंग लाइन' नावाने रिळावर मिळतो. १/७२ साठी ४० डेनियर आणि १/४८ साठी ७० डेनियर घ्या (डेनियर म्हणजे काय ते पुढे येतं). एक रीळ कितीतरी मॉडेलांना पुरतं.

नवख्या हाताला हाच धागा सोपा जातो, कारण तो चूक पोटात घालतो. लांबी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी ताणामुळे तार सरळच दिसते. चुकून बोट लागलं तर धागा वाकतो आणि परत जागेवर येतो. ताण इतका हलका असतो की पंख किंवा स्ट्रट (दोन पंखांमधले खांब) ओढले जात नाहीत. तंगूस किंवा धातूची तार यातलं काहीच माफ करत नाही.

खऱ्या विमानावरची तार किती जाड होती? मॉडेलवर किती हवी?

लढाऊ विमानाच्या पंखांमधली गोल केबल साधारण ४ मिमी जाडीची धरून चाला. ती १/७२ मध्ये ०.०५६ मिमी, १/४८ मध्ये ०.०८३ मिमी आणि १/३२ मध्ये ०.१२५ मिमी होते. नियंत्रणाच्या केबल याहून बारीक असायच्या.

दुकानदार 'बारीक' म्हणून ०.२ मिमीची तार हातात देतो. १/७२ च्या मॉडेलवर ती लावली तर खऱ्या विमानावर १४ मिमीचा गज बसवल्यासारखं होतं. बाइप्लेनचं मॉडेल खेळण्यासारखं दिसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. रंगकाम कितीही सुरेख असलं तरी डोळा आधी तिथे जातो. दोन जाडींमध्ये घुटमळत असाल तर नेहमी बारीक घ्या. १/७२ मध्ये ०.१ मिमीच्या वरची तार लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

डेनियर, एक्स, गेज: हे सगळे आकडे कसे वाचायचे?

डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तो जाडीचा आकडा नव्हे, त्यामुळे दुप्पट डेनियर म्हणजे दुप्पट जाडी होत नाही. लायक्रासाठी अंदाजे हिशोब असा: २० डेनियर ०.०५ मिमी, ४० डेनियर ०.०७, ७० डेनियर ०.०९ आणि ११० डेनियर ०.११ मिमी. ताणल्यावर धागा आणखी बारीक होतो. लांबी एक पंचमांशाने वाढवली की जाडी साधारण ९ टक्क्यांनी उतरते.

फ्लाय फिशिंगच्या टिपेटवर (गळाजवळच्या बारीक दोरीवर) ६एक्स, ७एक्स, ८एक्स असं लिहिलेलं असतं. अकरामधून तो आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. म्हणजे ७एक्स हे ०.००४ इंच, अर्थात ०.१ मिमी, आणि ८एक्स हे ०.०७६ मिमी.

तांब्याच्या वाइंडिंग तारेला आपल्याकडे एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) चालतं. आकडा वाढला की तार बारीक होते: ४० गेज ०.१२ मिमी, ४२ गेज ०.१० मिमी, ४४ गेज ०.०८ मिमी. वरच्या इनॅमलच्या थरामुळे जाडी किंचित वाढते.

लेबलवर भरवसा नसेल तर स्वतः मोजा. ड्रिल बिटच्या दांड्यावर शेजारी शेजारी, एकमेकांवर न चढवता, २० वेढे घाला आणि त्या वेढ्यांची एकूण रुंदी मोजा. २ मिमी भरली तर धागा ०.१ मिमीचा. इलॅस्टिकला मायक्रोमीटर लावू नका. त्याच्या जबड्यात धागा चेपतो आणि आकडा खोटा येतो. वेढे घालतानाही धागा ताणू नका.

ब्रिटिश विमानांच्या तारा चपट्या होत्या म्हणे. मग गोल धागा चालेल का?

एस.ई.५ए, सॉपविथ कॅमल, ब्रिस्टल फायटर आणि पुढे टायगर मॉथ यांच्या पंखांमध्ये राफवायर होत्या. रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीने काढलेली ही स्टीलची तार भिंगासारख्या चपट्या छेदाची असे, आणि तिची निमुळती कड वाऱ्याला सामोरी असे. रुंदी साधारण ९-१० मिमी आणि जाडी तिच्या चौथ्या भागाइतकी. जर्मन विमानांवर पिळाची गोल केबल आणि टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा सांधा) असे. फ्रेंचांचाही भर केबलवरच होता.

आता ही १० मिमीची पट्टी स्केलमध्ये उतरवा: १/७२ मध्ये ०.१४ मिमी, १/४८ मध्ये ०.२ मिमी, १/३२ मध्ये ०.३ मिमी. समोरून पाहिलं तर ती धाग्याइतकीच दिसते, बाजूने किंवा वरून पाहिल्यावर पट्टी कळते. १/७२ मध्ये हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे गोल धागा लावा आणि पुढे जा. १/४८ मध्ये तुमच्या हौसेचा प्रश्न. १/३२ मध्ये मात्र चपटी तार नसेल तर जाणकार नजरेला खटकतं.

चपटी तार मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. फोटो-एच केलेल्या (रसायनाने पातळ पत्र्यातून कोरलेल्या) स्टीलच्या तारा दिसायला सर्वांत उत्तम, पण महाग, आणि एकदा मुडपली की सरळ होत नाही. काही इलॅस्टिक धागे मुळातच थोडे रिबिनीसारखे असतात; ते चालतात, फक्त चिकटवताना पीळ पडू द्यायचा नाही. तिसरा मार्ग फुकटातला: प्लास्टिकची चपटी पट्टी तापवून ओढली की ती बारीक होते, पण छेदाचा आकार तसाच राहतो. ०.२५ × १ मिमीच्या स्टायरीन पट्टीपासून छान राफवायर निघते.

जर्मन विमानावर चपटी तार लावणं ही उलटी चूकही होते. तार विकत घेण्याआधी विमान कुणाचं आहे ते बघा.

तंगूस चालतो का?

चालतो, आणि चांगला चालतो. मासेमारीच्या दुकानातला ०.०८ ते ०.१२ मिमीचा नायलॉन १/४८ आणि १/३२ साठी योग्य आहे. हार-माळा ओवायला जो तंगूस मिळतो तो बहुतेक ०.२ मिमीच्या वर असतो, तो नको. शिलाईच्या दुकानातला 'इनव्हिजिबल' धागा साधारण ०.१ मिमीचा असतो. धुरकट रंगाचा मिळाला तर रंगवण्याचंही काम वाचतं.

तंगूस ताणूनच लावावा लागतो, म्हणून पंखात आरपार भोक हवं. वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला १ मिमी खोल बंद भोक पाडून त्यात एक टोक फेविक्विकने पक्कं करा. ते पूर्ण वाळल्यावर दुसरं टोक खालच्या पंखाच्या आरपार काढा आणि त्याला कपड्याचा लाकडी चिमटा लटकवा. ५ ते १० ग्रॅम वजन पुष्कळ झालं. मग भोकाशी पातळ फेविक्विकचा ठिपका द्या, दहा मिनिटांनी धागा पंखालगत कापा, भोक भरून घासा आणि तेवढा रंग पुन्हा लावा.

उजवी बाजू पूर्ण करून मग डावीकडे वळलात तर पंख उजवीकडे ओढला जातो. एक तार उजवीकडे, तीच डावीकडे, असं आलटून पालटून चला. कडक ताण देण्याचा मोह टाळा, कारण सगळा भार स्ट्रटच्या चिकटवलेल्या टोकांवर येतो आणि कधीतरी रात्रीतून एक सांधा सुटतो.

लावलेला तंगूस पावसाळ्यात सैल का पडतो?

नायलॉन हवेतली वाफ शोषतं आणि किंचित लांबतं. मुंबईत किंवा कोकणात जूनपासून हा प्रकार दिसतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत कडक वाटणारी तार जुलैत झोळ दाखवते.

उपाय म्हणजे पेटती उदबत्ती. तिचा निखारा तारेपासून ५-६ मिमी अंतरावर ठेवून तारेच्या मधल्या भागावरून एकदाच, न थांबता फिरवा. ओढून बनवलेला नायलॉन उष्णतेने आक्रसतो आणि तार ताठ होते. निखारा एका जागी क्षणभर जास्त थांबला की तार वितळून तुटते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. आधी राख झटकून घ्या, नाहीतर ती पंखावर पडते. इलॅस्टिकवर हा प्रयोग करू नका. लायक्रा ताठ होत नाही, नुसता वितळतो.

स्प्रू ओढून तार कशी करायची? आणि एवढा खटाटोप करावा का?

स्प्रू म्हणजे किटमधले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तिची काडी. १/७२ साठी जरूर करा. पैसे लागत नाहीत आणि ०.०५ मिमीची तार घरच्या घरी निघते.

१५ सेंमी लांबीचा सरळ स्प्रू घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर ३-४ सेंमी उंचीवर धरून सतत फिरवत राहा. मधला भाग चकाकू लागतो आणि मग लवतो. लवला की ज्योतीपासून बाजूला घ्या, एक सेकंद थांबा आणि दोन्ही हात एकसारख्या वेगाने लांब न्या. भराभर ओढलं तर धागा बारीक निघतो, सावकाश ओढलं तर जाड. ओढून झाल्यावर लगेच सोडू नका. ताणलेल्या अवस्थेतच पाच-दहा सेकंद थंड होऊ द्या, नाहीतर धागा बाकदार राहतो. दोन्ही टोकांकडचा भाग निमुळता असतो, तो टाकून मधलाच वापरा. ज्योतीवर असतानाच ओढलं तर तुटतं, आणि प्लास्टिक काळं पडलं असेल तर ते जास्त तापलंय.

दोन भोकांमधलं अंतर डिव्हायडरने घ्या, नव्या ब्लेडने तेवढाच तुकडा कापा, टोकांना फेविकॉलचा बारीक थेंब लावून चिमट्याने बसवा. वाळल्यावर उदबत्तीची तीच युक्ती, स्टायरीनही आक्रसतं. याचा दोष एकच, पण मोठा: वाळक्या काडीसारखी मोडते. मॉडेल प्रदर्शनांत न्यायचं असेल किंवा घरात लहान मुलं असतील तर स्प्रूच्या वाटेला जाऊ नका. पारदर्शक स्प्रू तर आणखी ठिसूळ.

तांब्याची किंवा स्टीलची तार कधी वापरावी?

तांब्याची बारीक तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. ४२-४४ गेज तिथे नसेल तर जुन्या रिलेच्या कॉइलमध्ये सापडते. ती सरळ करायला ५० सेंमीचा तुकडा घ्या, एक टोक शिकंज्यात आणि दुसरं पकडीत धरा आणि हळूहळू ओढा. एका क्षणी तार 'सुटल्यासारखी' लांबते, तिथेच थांबा. ती आरशासारखी सरळ होते आणि थोडी कडकही. मात्र तांब्याला लवचीकता नाही. बोट लागलं की कायमचा बाक. म्हणून ती पंखांमध्ये न लावता हूक, कडी, टर्नबकलचे फास यांसाठी जास्त उपयोगी.

स्टेनलेस स्टीलची ०.१ मिमी तार पंखांमध्ये उत्तम दिसते, कारण रंगवावी लागत नाही. रिळावरची घेतली तर तिचा वळसा जाता जात नाही; सरळ तुकड्यांत मिळाली तरच घ्या. बसवताना प्रत्येक टोकाला ०.४ मिमी खोल खळगा करा, दिसणाऱ्या अंतरापेक्षा तार ०.४ मिमी जास्त कापा, एक टोक खळग्यात ठेवून तार जराशी वाकवा आणि दुसरं टोक आत सोडा. ती स्वतःच सरळ होऊन बसते. हिला ताण लागत नाही, म्हणून पंख ओढले जाण्याचा प्रश्नच नाही. मात्र प्रत्येक तारेचं माप वेगळं घ्यावं लागतं आणि डावी-उजवी सारखी असेल असं धरून चालत नाही.

गिटारची किंवा सतारीची तार?

गिटारची सर्वांत बारीक साधी तार ०.००८ किंवा ०.००९ इंचाची, म्हणजे ०.२० ते ०.२३ मिमी. मिरजेच्या वाद्यबाजारात मिळणाऱ्या सतारीच्या चिकारीच्या ताराही याच घरातल्या. तेव्हा १/२४ किंवा त्याहून मोठं स्केल असेल तर आनंदाने वापरा. १/३२ मध्ये ती फक्त अंडरकॅरेजच्या (चाकांच्या सांगाड्याच्या) मोजक्या तारांना शोभते, त्याहून लहान स्केलमध्ये नकोच.

ही कडक पोलादी तार आहे. प्लास्टिक कापायचं निपर तिच्यावर चालवलंत तर धारेला खाच पडलीच म्हणून समजा. जुनी पकड वापरा आणि चष्मा लावा. कापलेलं टोक जोरात उडतं.

शिवणाचा दोरा, केस, ब्रेडेड फिशिंग लाइन?

शिवणाच्या दोऱ्याला लव असते. मेण लावलं तरी फोटोत ती दिसतेच. केसाची जाडी ०.०६-०.०८ मिमी, म्हणजे बरोबर मापाची, पण दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. ब्रेडेड लाइन मजबूत आणि सरळ, पण ती पॉलिएथिलीनची असते आणि त्यावर फेविक्विक धरत नाही. काही दिवसांनी धागा भोकातून अलगद बाहेर येतो. तिन्ही नकोत.

कशाला कोणता गोंद?

इलॅस्टिक, तंगूस आणि धातूला फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट. स्प्रूला फेविकॉल. प्लास्टिकचा सिमेंट लायक्राला किंवा नायलॉनला चिकटत नाही. तो फक्त भोकाभोवतीचा रंग खराब करतो.

फेविक्विक कधीही ट्यूबमधून थेट लावू नका. डबीच्या झाकणावर एक थेंब काढा आणि सुईच्या टोकाने उचला. जास्त झालं तर ते इलॅस्टिकवरून वर चढतं. तेवढा भाग कडक होतो, चकाकतो आणि पुढे तिथेच तुटतो. दमट हवेत ते लवकर पकडतं, आणि त्याची वाफ आसपास पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. विंडस्क्रीनजवळच्या तारांना म्हणूनच फेविकॉल लावा किंवा विंडस्क्रीन सर्वांत शेवटी बसवा. उरलेली ट्यूब हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा.

भोकं कधी आणि केवढी पाडायची?

वरचा पंख बसवण्याआधी, आणि रंगकामाच्याही आधी. १/७२ साठी ०.३ मिमी बिट, १/४८ साठी ०.४ मिमी. हाताच्या पिन व्हाइसनेच (बारीक बिट धरून बोटांनी फिरवायची मूठ); विजेच्या ड्रिलने प्लास्टिक वितळतं आणि बिट मोडतो. १/७२ चा पंख जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, तेव्हा बिटवर १ मिमी अंतरावर टेपची खूण करा. भोक तारेच्या दिशेने तिरकं पाडा. सरळ पाडलं तर तार कडेवर मुडपते आणि रेषा मोडलेली दिसते. रंगानंतर प्रत्येक भोकातून बिट हाताने एकदा फिरवून घ्या.

इलॅस्टिक किती ताणायचं?

५० मिमी अंतर असेल तर ४२ मिमी तुकडा कापा. एक टोक पक्कं करा, पाच मिनिटं थांबा, मग चिमट्याने दुसरं टोक ओढून भोकात ठेवा आणि दहा सेकंद धरा. एक चतुर्थांशापेक्षा जास्त ताणू नका. ताण जितका जास्त तितका सांधा सुटण्याचा धोका.

क्रम: आधी मधल्या कबेन स्ट्रटमधल्या (धड आणि वरचा पंख जोडणाऱ्या खांबांमधल्या) तारा, मग पुढच्या-मागच्या स्ट्रटमधली फुली, मग लँडिंग वायर (जमिनीवर पंखांचं वजन पेलणारी), शेवटी फ्लाइंग वायर (हवेत भार पेलणारी). आतून बाहेर आलात तर लावलेल्या तारांत चिमटा अडकत नाही. बऱ्याच ब्रिटिश विमानांत फ्लाइंग वायर जोडीने असतात आणि लँडिंग वायर एकेकट्या. हवेत सगळा भार फ्लाइंग वायरवर येतो, म्हणून ती काळजी. १/७२ मध्ये जोडीतल्या दोन तारांत जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर उरतं. हात बसला नसेल तर एकच लावा.

टर्नबकल लावायलाच हवेत का?

१/७२ मध्ये फेविकॉलचा ठिपका आणि त्यावर पितळी रंग, बस. १/४८ मध्ये ०.४ मिमीच्या बारीक नळीचे १.५ मिमी तुकडे धाग्यात ओवून टोकाशी सरकवा. १/३२ मध्ये तयार धातूचे मिळतात. स्वतः कडी करायची तर ०.१ मिमी तांब्याची तार ०.३ मिमी बिटच्या दांड्याभोवती घालून दोन्ही टोकांना पीळ द्या आणि पीळ भोकात चिकटवा. राफवायरच्या टोकाला जर्मन पद्धतीचा टर्नबकल लावू नका. तिथे आटे पाडलेलं गोल टोक आणि काटा असायचा.

रंग कोणता?

काळा नाही. गडद राखाडी किंवा मळकट स्टील. काळी तार मॉडेलवर शाईने ओढलेल्या रेघेसारखी उठते. इलॅस्टिक रंगवू नका, ताणल्यावर रंगाला तडे जातात. राखाडी रंगाचंच घ्या. तंगूसला स्पंजवर रंग घेऊन एकदा ओढून काढलं की पुरे, तेही लावण्याआधी.

एका मॉडेलला किती धागा लागतो?

१/७२ च्या कॅमलचा पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण ११८ मिमी. पंखांमधल्या मुख्य तारा दोन्ही बाजू मिळून सोळा, प्रत्येकी ४०-४५ मिमी, म्हणजे पाऊण मीटरच्या आत. कबेन, अंडरकॅरेज, शेपटी आणि नियंत्रणाच्या केबल धरा, प्रत्येक टोकाला पकडायला ३० मिमी सोडा, काही वाया जाणारच, तरी ४ मीटरमध्ये काम आटोपतं.

पहिलं मॉडेल कोणतं घ्यावं?

फोकर डी.७. त्याच्या पंखांना बाहेरच्या तारांचा आधार लागतच नसे. अंडरकॅरेजची फुली आणि नियंत्रणाच्या केबल एवढंच काम. फोकरचं तीनपंखी डीआर.१ सुद्धा तसंच. त्यावर हात बसला की टायगर मॉथ किंवा एस.ई.५ए. एस.ई.५एला आपल्याकडे वेगळं महत्त्व आहे: पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय ४० स्क्वाड्रनमधून हेच उडवत होते आणि जुलै १९१८ मध्ये त्यांनी दहा विजय मिळवले. दोन-दोन खणांच्या पंखांची (प्रत्येक बाजूला स्ट्रटच्या दोन जोड्या असलेली) मोठी विमानं, उदाहरणार्थ १९३३ मध्ये भारतीय हवाई दलाला सुरुवातीला मिळालेलं वापिती, हात चांगला तयार झाल्यावरच घ्या.

तयार मॉडेलवरची एखादी तार तुटली तर?

जुनं टोक ओढू नका. रंगाचा पापुद्रा सोबत निघतो. भोकालगत ब्लेडने कापा, ०.३ मिमी बिट हाताने फिरवून भोक मोकळं करा आणि मूळ तार कसलीही असो, नवी तार इलॅस्टिकची लावा. एकाच बाजूची बदलली आणि रंगात फरक दिसला तर दुसऱ्या बाजूची जोडीदार तारही बदला. धूळ झाडायला कोरडा, मऊ मेकअपचा ब्रश वापरा, आणि तो तारांच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही.